अटक झाली म्हणजे चोरच का?

प्रश्न: आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एका काकांना ठेवींच्या फसवणुकीत अटक झालीय, माझेपण दोन लाख अडकलेत. ग्रुपवर सगळे त्यांना चारसोबीस म्हणतात, परवा तर काकूंना लिफ्टमध्ये टोमणे मारले. मी म्हटलं केस चालू दे, तर मलाच विचारलं, तुला किती कमिशन? माझं चुकलं का?

उत्तर: नाही हो. अटक म्हणजे तपासातला एक टप्पा, गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची आणि तोही वाजवी शंका राहणार नाही इतका. (आणि ते ४२० कलम आता राहिलंच नाही, १ जुलै २०२४ पासूनच्या फसवणुकीला नव्या भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं, पण शिवी काय बदलत नाही!) टूजी मोबाइल स्पेक्ट्रम वाटपाचं प्रकरण आठवतंय ना, किती वर्षं सगळे घोटाळेबाज घोटाळेबाज म्हणत होते आणि डिसेंबर २०१७ मध्ये विशेष कोर्टाने सगळ्या आरोपींना सोडलं, सीबीआय मग अपिलात गेली ते वेगळं.

पण लोकांचा राग खोटा नाही, पेन्शनचे पैसे गेले की कोण कायदा बघतं. म्हणून तर आपल्याकडे १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्यात निकालाआधीच प्रॉपर्टी जप्त करता येते, म्हणजे काकांना निर्दोष धरलं तरी तुमचे पैसे बुडाले असं होत नाही. पावत्या, पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या. काकूंचं नाव एफआयआरमध्ये नसेल तर त्यांना कशाला मधे ओढायचं?