केशरी जर्दाळू, पिवळे बेदाणे आणि मुलाचा दमा

प्रश्न : ताई, माझा मुलगा 7 वर्षांचा आहे, वजन 20 किलो, बालदमा आहे. मस्जिद बंदरहून सुटे बेदाणे आणि केशरी जर्दाळू आणून डब्यात देते. परवा जर्दाळू खाल्ल्यावर त्याला खोकल्याची उबळच आली. शेजारच्या काकू म्हणतात त्यात गंधक असतं, दुकानदार म्हणतो सगळं सरकारी लिमिटमध्ये असतं, सेफ आहे. पण सेफ आहे हे तपासलं कसं? आणि घरी टेस्ट करता येते का?
– एक आई, लालबाग

उत्तर : काकूंचं बरोबर आहे हो. जर्दाळू केशरी राहावा, बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून गंधकाची धुरी देतात नाहीतर सल्फाइटच्या (म्हणजे गंधकाच्या संयुगाच्या) पाण्यातून काढतात, धुरी न दिलेला जर्दाळू चॉकलेटी-काळपट असतो. पाकिटावर 220 ते 228 मधला नंबर दिसला की सल्फाइट आहे समजायचं.

आता तपासलं कसं ते. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना दोन वर्षं, तीन पिढ्या, खाण्यातून मेटाबायसल्फाइट (सल्फाइटचाच एक प्रकार) दिलं. सल्फाइट बी1 व्हिटॅमिन मोडून टाकतं, म्हणून ते वरून वेगळं घातलं, नाहीतर उंदीर नक्की कशाने आजारी पडले हेच कळलं नसतं. सल्फाइटमधून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूच्या हिशोबात, वजनाच्या किलोमागे रोज 70 मिलीग्रॅमपर्यंत काही त्रास दिसला नाही, मग त्याला 100 ने भागून माणसासाठी 0.7 मिलीग्रॅम धरलं. 2022 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने माहिती अपुरी म्हणून हा आकडा मागे घेतला आणि जास्त खाणाऱ्यांबद्दल काळजी व्यक्त केली.

तो जुना आकडा धरला तरी तुमच्या मुलाला दिवसाला 14 मिलीग्रॅम होतात. युरोपात सुक्या जर्दाळूत किलोमागे 2000 मिलीग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे 8 ग्रॅमच्या एकाच जर्दाळूत 16! माल लिमिटमध्ये असूनही मुलाची लिमिट संपली.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की त्या उंदरांना दमा नव्हता. काही दमेकऱ्यांना अगदी थोड्या सल्फाइटनेही श्वासनळ्या आवळल्यासारखं होतं, 0.7 चा हिशोब त्यांच्यासाठी केलेलाच नाही. अमेरिकेत सॅलडवर सल्फाइट मारायचे, लोकांना जीवघेणे अटॅक आले, तेव्हा कुठे 1986 मध्ये कच्च्या फळ-भाज्यांवर ते मारायला बंदी आली. आपल्याकडे किलोला 10 मिलीग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असलं तर पॅकेटवर लिहावं लागतं, पण सुट्या मालाला लेबलच नसतं, म्हणून मुलासाठी सुटं आणू नका. धुऊनही सगळं जात नाही.

घरी नेमकं मोजता येत नाही. लॅबमध्ये पदार्थ ॲसिडमध्ये उकळून निघालेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पकडतात आणि तयार झालेलं ॲसिड मोजतात, आणि त्यातही लसणाच्या चटणीसारख्या पदार्थात सल्फाइट न घालताच आकडा येऊ शकतो कारण लसणात मुळातच गंधक असतं. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली साधं गिऱ्हाईकसुद्धा फी भरून फूड ॲनालिस्टकडून तपासणी करून घेऊ शकतं, फक्त विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं.

एका उबळीवरून जर्दाळूच कारण हे मी सांगू शकत नाही. पण खात्री करायला परत खायला देऊन बघू नका प्लीज, ती टेस्ट हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोरच करतात. त्यांच्याकडे जाताना जर्दाळू कधी खाल्ला, किती खाल्ला आणि किती वेळाने खोकला आला हे लिहून न्या.