घरात दारू पाहिलेल्या मुलीने व्यसनमुक्ती समुपदेशक व्हावं का?

प्रश्न : मी कागलची, वय २३, बी. ए. (मानसशास्त्र). वडील पितात, लहानपण त्यातच गेलं. मला व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय. आई म्हणते, "घरात सोसलंस ते कमी झालं का?" हा अनुभव कामाला येईल की आडवा? शिक्षण कोणतं घेऊ?

उत्तर : दोन्ही. ‘फक्त क्वार्टर घेतो’ यातला ‘फक्त’ तुम्हाला लगेच कळेल. पण कळल्यावर हिशेबही मांडता आला पाहिजे. क्वार्टर म्हणजे १८० मिली; ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत तेवढ्यात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. किती, कधीपासून, सकाळी उठल्यावर लागते का, शेवटची कधी घेतली, हे आवाज न चढवता विचारता यायला हवं. यातला शेवटचा प्रश्न कधीच गाळू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली की ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, आणि नसलेलं दिसणं, दिवस-रात्र न कळणं हे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. अशा वेळी समजावत बसू नका, थेट कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय गाठायला सांगा.

आडवं येतं ते रुग्णात वडील दिसू लागले की. मग रात्री अकराला फोन घेतला जातो, उसने पैसे दिले जातात. नाहीतर पुन्हा प्यायला म्हणून त्याच्याशी तुटकपणे बोललं जातं. पुन्हा पिणं हा या आजाराचाच भाग आहे, तुमचा अपमान नव्हे. म्हणून आधी अल-अनॉनच्या बैठकांना बसा. त्या नातेवाइकांसाठीच असतात, फी नसते, वडील पीत असले तरी जाता येतं. वडिलांचं समुपदेशन मात्र तुम्ही करायचं नाही, अगदी आईने गळ घातली तरी.

शिक्षणाचं सोपं आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांचं, कोल्हापुरात ‘सायबर’ या संस्थेत होतं, क्षेत्रकार्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रच मागून घ्या. मानसशास्त्रात एम. ए. हाही रस्ता आहे, पण तेवढ्यावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही, त्याला पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते.

नोकरी धरताना विचारा : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली केंद्राची नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात? वरिष्ठ आठवड्याला तुमच्या केसेस घेऊन बसतात का? तिसऱ्यावर ‘वेळ कुठे असतो’ असं उत्तर आलं, तर पगार बरा असला तरी तिथे राहू नका.