ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो? वायरिंग बदलायच्या आधी अर्थिंग बघा

तुम्ही लिहिलंय की ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटरही मिणमिणतो, डावा इंडिकेटर दिला की टेललॅम्प त्याच्याबरोबर उघडझाप करतो, आणि गॅरेजवाला म्हणतो मागचं सगळं वायरिंग बदला. थांबा, एवढ्यात पैसे देऊ नका. हा सरळसरळ अर्थिंगचा आजार वाटतोय.

मागच्या दिव्यांच्या एका बाजूचे बल्ब मिळून एकच अर्थ वायर (करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी) वापरतात. ती बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे गंज धरला की ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरून वाट काढतो. म्हणून सगळेच अर्धवट पेटतात. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत माझ्या गाडीचं हेच झालं होतं. मी शहाण्याने आधी दोनदा बल्ब बदलले, मग इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर रिले बदलला. शेवटी डिक्कीतलं कार्पेट उचललं तर खाली ओल, आणि अर्थचा बोल्ट चहाच्या रंगाचा!

तपासायला मल्टिमीटरसुद्धा लागत नाही. टेललॅम्प काढा, होल्डरला येणारी अर्थ वायर शोधा (बहुतेक गाड्यांत काळी असते, पण खात्री करून घ्या, चालू वायर बॉडीला टेकली तर फ्यूज गेलाच). तिथून मीटरभर वायरचा तुकडा डिक्कीच्या लॉकच्या बोल्टला, रंग नसलेल्या जागी टेकवा आणि घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. मिणमिणणं थांबलं की निदान झालं. मल्टिमीटर असेल तर ब्रेक दाबलेला असताना त्याच दोन जागांमध्ये व्होल्टेज बघा. पॉइंट एक-दोन व्होल्ट ठीक, एक व्होल्टच्या वर गेलं तर सांधा खराब.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. दहा नंबरच्या पान्याने अर्थचा बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने वायरची रिंग आणि खालचा पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट कसा, वरून पेट्रोलियम जेली. नुसता वरून डब्ल्यूडी-४० स्प्रे मारून भागत नाही, गंज खालीच राहतो. आणि ओल कुठून येते तेही शोधा, नाहीतर पुढच्या श्रावणात परत तेच.

अर्थ ठणठणीत निघाला तर बल्ब बघा. ब्रेक आणि टेलचा एकत्र बल्ब 21/5 वॅटचा, दोन फिलामेंटचा असतो आणि त्याच्या बाजूच्या पिना मुद्दाम खालीवर असतात. तिथे कोणी इंडिकेटरचा एका फिलामेंटचा बल्ब जोर लावून बसवला असेल तरी असेच भुताटकीचे प्रकार होतात.

आता दुसरा प्रश्न, चार्जर सॉकेटचा 15 अँपिअरचा निळा फ्यूज सारखा उडतो. टॉर्च लावून सॉकेटच्या तळाशी बघा. माझ्या मेहुण्याच्या गाडीत टोलच्या सुट्ट्यातलं एक रुपयाचं नाणं आत जाऊन बसलं होतं. फ्यूज काढून मगच चिमट्याने उचला. आत काही नसेल तर चार्जर दुसऱ्या गाडीत लावून पाहा. उडतो म्हणून 20 किंवा 30 चा फ्यूज मात्र टाकू नका, चांदीचा कागद तर नकोच. फ्यूज वायरच्या जाडीप्रमाणे ठरवलेला असतो. तो नाही उडाला तर डॅशबोर्डच्या आतली वायर जळते, आणि ते कळतं धूर आल्यावर.

शोधताना स्टिअरिंगखाली पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते एअरबॅगचे. बोल्ट साफ करूनही फरक पडला नाही तर गाडीचं मॉडेल आणि मल्टिमीटरचं रीडिंग इथे लिहा, पुढचं बघू.