प्लुटो का वगळला आणि सेरेस कसा शोधायचा?

प्रश्न (निपाणी): प्लुटो लहान म्हणून ग्रहांच्या यादीतून काढला ना? मग बुध कसा राहिला?

उत्तर: लहानपणामुळे नव्हे. ऑगस्ट २००६मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ग्रहासाठी तीन अटी घातल्या. त्याने सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या गुरुत्वाने गोलसर व्हावं आणि कक्षेच्या परिसरात त्याच्या तोडीचं दुसरं काही उरू नये. प्लुटो तिसऱ्या अटीत अडला. नेपच्यूनपलीकडच्या असंख्य बर्फाळ पिंडांतला तो एक. बुधाची वाट मोकळी आहे.

खरा पेच एरिसने आणला. २००५मध्ये जाहीर झालेला हा पिंड व्यासाने प्लुटोहून जेमतेम लहान (२३२६ किमी, प्लुटो २३७७), पण वस्तुमान सुमारे २७ टक्के जास्त. प्लुटोला ग्रह म्हणायचं तर एरिसला का नाही? आज संघाच्या यादीत पाच बटुग्रह (पहिल्या दोन अटींत बसणारे, पण तिसरीत अडणारे पिंड) आहेत: सेरेस, प्लुटो, हौमिया, माकेमाके, एरिस. संशयित बरेच आहेत.

प्रश्न (खानापूर): घरी १०×५० द्विनेत्री आहे. एखादा बटुग्रह दिसेल?

उत्तर: सेरेस दिसेल. मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातला हा पिंड इटलीतले खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांना १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोतून सापडला. साधारण सव्वापंधरा महिन्यांनी त्याची प्रतियुती येते, म्हणजे आकाशात तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो. तेव्हा तो सात-आठ प्रतीचा असतो (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका ठिपका मंद). प्रतियुतीच्या आगेमागे अमावस्येजवळची रात्र निवडा. बेळगावच्या दिव्यांपेक्षा तुमची जांबोटीकडची बाजू कितीतरी बरी.

स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या संगणक-प्रणालीतून त्या भागाचा नववी प्रत दाखवणारा नकाशा काढा. नकाशात तारे कमी असले की भलताच ठिपका सेरेस वाटतो, बहुतेकांची फसगत इथेच होते. द्विनेत्री तिकाटण्यावर बसवा, हातात ती थरथरते आणि मंद तारे हरवतात. दिसतील ते सगळे ठिपके कागदावर मांडा. तीन रात्रींनी पुन्हा मांडा. सरकलेला ठिपका म्हणजे सेरेस. थंडीत भिंगांवर दव धरतं. ते पुसू नका, सुकू द्या.

प्लुटो चौदाव्या प्रतीपलीकडे, त्याला दहा-बारा इंची दुर्बीण हवी. त्याची प्रतियुती सध्या जुलैअखेरीस येते, म्हणजे खानापुरात ऐन पावसात! तेव्हा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा. अंधार पडताच मकर राशीत दक्षिणेकडे तो सुमारे पन्नास अंश उंचीवर असतो. तबकडी दिसणार नाही, ठिपकाच. ओळख पटवायची ती वरच्याच रीतीने, फक्त तेव्हा तो फार संथ सरकतो, म्हणून दोन नोंदींत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.