सामाजिक मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश वाचायला घेताय? आधी एवढं करा

सुरुवात झकास निवडलीत. फक्त त्यांच्या रेषांच्या प्रयोगावर (रेषांची लांबी जुळवताना बाकीचा गट मुद्दाम चुकीचं उत्तर देतो, तेव्हा एकटा माणूस काय करतो?) लगेच उडी नको. आधी १९४६ चा निबंध घ्या: वर्णनातला ‘मायाळू’ शब्द काढून ‘तुटक’ घातला की माणसाचं अख्खं चित्र कसं पालटतं, ते तिथे दिसेल.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- रेषांच्या प्रयोगावरून ‘माणसं म्हणजे मेंढरं’ हा निष्कर्ष. गटाच्या दबावाखाली चुकीची उत्तरं साधारण एक तृतीयांशच होती. जवळपास चौथा हिस्सा लोक एकदाही वाकले नाहीत. सोबत एक जरी खरं बोलणारा असला, तर दबाव ढेपाळायचा. (माझ्या मते खरा शोध हाच!)
- अ‍ॅश यांचा प्रभाव फक्त इतर संशोधकांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले, त्या आकड्यांवर मोजणं. त्यांचे मदतनीस स्टॅन्ली मिलग्रॅम (आज्ञापालनावरच्या प्रयोगांमुळे गाजलेले) पुढे कुठे पोचले, तेही बघा.

हे प्रयोग पुन्हा करून पाहण्यावरून झालेले वाद सध्या राहू द्या.