नाइटचा डबा आणि मेलाटोनिनची गोळी

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी 44 वर्षांची, सांगलीत स्टाफ नर्स आहे. महिन्याला 8-10 नाइट लागतात. 5 वर्षांत वजन 63 वरून 74 किलोवर गेलं. उपाशीपोटी साखर 112, एचबीएवनसी (3 महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.1. मेलाटोनिनने झोपही लागते आणि चरबीही उतरते, असं वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणतात. सकाळी घरी आल्यावर 3 मिलिग्रॅमची गोळी घेऊन, नाश्ता करून झोपू का?

उत्तर : सिस्टर, नाइटला तुम्ही जेवता किती वाजता? पत्रात ते नाही, पण मला अंदाज आहे. माझी आई 29 वर्षं परिचारिका होती. रात्री 2 ला वॉर्ड शांत झाला की सगळ्यांचे डबे उघडायचे. पोळी-भाजी, भात, कुणाच्या घरचा शिरा, वर साखरेचा चहा. 51 व्या वर्षी तिला मधुमेह निघाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिच्या गोड खाण्याला दोष दिला. ती किती वाजता खाते, हे मी डॉक्टर असूनही कधी विचारलं नाही. ते मला अजून लागतं.

अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, सोडू लागते. मध्यरात्रीनंतर, साधारण 2 ते 4 च्या दरम्यान, ते सर्वांत जास्त असतं. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशींनाही त्याचा निरोप पोहोचतो, आणि त्या हात आखडता घेतात. झोपलेल्या, उपाशी माणसाला ते सोयीचंच. पण तेव्हाच पोटात भात गेला तर साखर जास्त चढते. वॉर्डातल्या दिव्यांनी मेलाटोनिन थोडं दबतं, तरी शरीराचं घड्याळ एका रात्रीत फिरत नाही.

2021 मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 19 निरोगी तरुण-तरुणींना प्रयोगशाळेत नाइट ड्यूटीसारखं जागवलं. त्यातल्या रात्रीही जेवणाऱ्यांची साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. जागरण दोघांचं सारखंच होतं! म्हणून मी डब्यापासून सुरुवात केली.

आता गोळी. मेलाटोनिनने वजन वाढणं रोखल्याचं उंदरांमध्ये दिसलंय. माणसांवरचे प्रयोग छोटे आहेत आणि वजनातला फरक किरकोळ. उलट 2014 मध्ये स्पेनमध्ये 21 निरोगी तरुणींना 5 मिलिग्रॅम मेलाटोनिन देऊन ग्लुकोजचं पाणी पाजलं, तर सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा साखर जास्त चढली. गोळी घेऊन लगेच पोहे खायचे, हा तुमचा बेत नेमका तसाच आहे. एचबीएवनसी 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असताना तो नकोच. वजनासाठी गोळी सुरू करू नका. झोपेसाठी हवीच असेल तर तुमच्या फिजिशियनना विचारून, आणि खाणं व गोळी यांत अंतर ठेवून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते त्यांना आधी सांगा.

पोटभर जेवण ड्यूटीला निघण्याआधी, 7 च्या सुमारास करा. रात्री भूक लागली तर ताक, काकडी, मूठभर फुटाणे. चहा बिनसाखरेचा, आणि 2 नंतर तोही नको. सकाळी ओव्हर देऊन (पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवून) निघताना गॉगल लावा, हलकं काही खा, जाड पडदा ओढून झोपा.

खरी अडचण पुढेच आहे. माझी आई 11 ला कुकर लावायला उठायची आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तुमच्याकडेही तसंच असेल तर हे उत्तर घरी सगळ्यांना वाचून दाखवा. 2022 च्या एका अमेरिकन अभ्यासात वजन जास्त आणि झोप कमी असलेल्या 80 जणांमधल्या निम्म्यांची झोप साधारण सव्वा तासाने वाढवली, तर त्यांचं रोजचं खाणं बाकीच्या निम्म्यांच्या तुलनेत सरासरी 270 कॅलरींनी उतरलं. पथ्य कुणालाच सांगितलं नव्हतं. नाइटनंतरची तुमची 6 तासांची सलग झोप हा औषधोपचारच आहे, आणि स्वयंपाक त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी करायचा.

थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्या. 3 महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा आणि आकडा मला नक्की कळवा.