बाबांची फियाट उघडण्याआधी

भाऊ, बाबांची १९७२ ची फियाट सुरू करायची म्हणून लगेच इंजिन उघडू नकोस. आधी माणसं शोध. माझी गाडी मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडवर बंद पडली होती. एक आजोबा स्कूटर थांबवून आले, त्यांनी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलं अन् म्हणाले, "दहा मिनिटं थांबा." नागपूरच्या उन्हात पेट्रोलची वाफ होते, पंप ओढतच नाही. गाडी सुरू झाली! ते निवृत्त मेकॅनिक निघाले. पुढे दोन वर्षं दर रविवारी ते माझ्याकडे यायचे. कार्बोरेटरचे (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचे) जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रं असलेले तुकडे, तारेने टोचायचे नाहीत, छिद्र मोठं होतं, हे त्यांनीच शिकवलं. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा लागायचा.

म्हणून गाडी झाकून ठेवू नकोस, फाटकासमोर उभी कर. विचारणारे येतील. काढलेला प्रत्येक नट डबीत, डबीवर चिठ्ठी. पत्र्याचं काम आधी, रंग शेवटी. आणि मूळ भाग फेकू नकोस: पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात लागते. कागदपत्रं आजच शोध.